पिस्तूल अंगावर कोठे बाळगावे?

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात विचिटा नावाचे शहर आहे. १८७६ सालच्या जानेवारीची ९ तारीख, रविवारची रात्र. तेथील एका मद्यगृहाच्या मागील खोलीत गावचा एक पोलीस शिपाई दोघातिघांसह खुर्चीवर बसला होता. बसल्या बसल्या त्याच्या कमरेचे रिव्हॉल्व्हर म्यानातून निसटले, खाली पडताना खुर्चीवर आपटले आणि बार उडाला. गोळी त्याच्या कोटातून आरपार गेली, भिंतीवर आदळली आणि तेथून उसळून छताबाहेर पडली. कोणास इजा झाली नाही, पण खोलीतील मंडळींची बाहेर पडण्यासाठी एकच धांदल उडाली. हा शिपाई म्हणजे वायट अर्प. पुढे १८८१ साली टूमस्टोन गावी झालेल्या चकमकीमुळे ज्याचे नाव अमेरिकेत घरोघर झाले आणि ज्याच्यावर नंतर कितीतरी चित्रपट निघाले, तोच हा मनुष्य. शस्त्राची ओळख नसलेला नवशिका तो खास नव्हता. आणि ह्या घटनेत विशेष हे की, बार उडाला तेव्हा त्याचा हात शस्त्राला लागलेलासुद्धा नव्हता.

पिस्तुलाविषयी बोलणे निघाले म्हणजे ते किती लांब मारते, किती गोळ्या घेते आणि कमरेवरून किती चपळाईने निघते, ह्याचीच चर्चा होते. चित्रपटांनी तर ह्या चपळाईचे वेडच लावले आहे. वास्तविक ज्याच्यापाशी परवान्याचे शस्त्र आहे अशा बहुतेक मनुष्यास ते कोणावर रोखण्याचा प्रसंग जन्मात एकदाही येत नाही. आणि न यावा हेच इष्ट. परंतु ते बांधून बसावयाचे, उठावयाचे, वाकावयाचे, मोटार चालवावयाची, जिना चढावयाचा, हे मात्र रोज घडते. तेव्हा शस्त्र अंगावर कोठे बांधावे ह्याचा निर्णय करताना ते ज्या एका क्षणी बाहेर येईल त्या क्षणाचा विचार दुय्यम होय. ज्या हजारो तासांत ते बाहेर येणार नाही, त्या तासांत त्याची नळी कोणाकडे रोखलेली असते, हा विचार पहिला. ह्याच तासांत ते अंगाला किती टोचते हा प्रश्नही येतो, आणि तो केवळ आरामाचा नाही, हे पुढे दिसून येईल.

प्रथम यंत्राची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. रिव्हॉल्व्हरात काडतुसे एका फिरत्या चक्राच्या घरांतून बसतात. पिस्तुलात ती मुठीच्या आत मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात. बोटाने ओढावयाचा तो चाप; चापाभोवती असते ते कडे; आणि ज्याच्या आघाताने काडतूस पेटते तो घोडा. अर्पच्या काळातील रिव्हॉल्व्हरचा घोडा खाली सोडलेला असला म्हणजे तो थेट भरलेल्या काडतुसाच्या पाठीवर टेकलेला असे. त्यामुळे शस्त्र घोड्यावर आपटले की चाप न ओढताही बार उडे. ह्यावर जाणत्या लोकांनी साधा उपाय काढला होता: सहा घरांच्या चक्रात पाचच काडतुसे भरावयाची आणि रिकामे घर घोड्याखाली ठेवावयाचे. पुढे कारखानदारांनी आतल्या आत अटकाव बसविले. परंतु तेही नेहमी पुरेसे ठरले नाहीत. १९४४ साली अमेरिकी नौदलाच्या एका जहाजावर रिव्हॉल्व्हर डेकवर पडून बार उडाला व एक नाविक प्राणास मुकला. त्यानंतर त्या रिव्हॉल्व्हरच्या रचनेत सुधारणा करण्यात आली. आधुनिक रिव्हॉल्व्हरात घोडा व काडतूस ह्यांच्यामध्ये अशी योजना असते की चाप पुरता ओढल्यावाचून घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोहोचूच नये.

ह्यामुळे धोका नाहीसा झाला असे मात्र नव्हे. तो घोड्यावरून चापावर आला. आजच्या पुष्कळ पिस्तुलांना बाहेरून दिसणारा घोडा नसतो, कित्येकांना वेगळा सुरक्षेचा खटकाही नसतो. चाप मागे गेला की गोळी सुटली. मग तो बोटाने जावो, सदऱ्याच्या सोग्याने जावो, की खिशातील किल्लीने जावो. पिस्तुलाला हा भेद कळत नाही. २००८ सालच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क येथील एका रात्रीच्या करमणूकगृहात प्लॅक्सिको बरेस नावाचा नामांकित अमेरिकन फुटबॉलपटू आपले पिस्तूल होल्स्टरवाचून, नुसते सैल विजारीच्या कमरेत खोवून गेला होता. ते विजारीच्या पायातून खाली घसरू लागले. त्याने ते वरून पकडावयास हात घातला आणि गोळी त्याच्याच मांडीत शिरली. तेथील परवाना नसल्याने पुढे त्याला दोन वर्षांची कैदही झाली. पडत्या वस्तूला झेलणे हा हाताचा स्वभावच आहे. फळीवरून कपबशी निसटली तरी विचार करण्यापूर्वी हात पुढे जातो. म्हणूनच जाणते शिक्षक सांगतात की, पिस्तूल हातून सुटले तर त्याला पडू द्यावे. चांगल्या स्थितीतील आधुनिक शस्त्र जमिनीवर पडून सहसा उडत नाही. झेलावयास गेलेले बोट चापावर पडून ते उडते.

तेव्हा होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे म्यान, ही शोभेची वस्तू नव्हे. त्याने चाप आणि त्याभोवतीचे कडे पूर्णपणे व घट्ट झाकले पाहिजे, इतके की बाहेरून दाबले तरी चापाला स्पर्श होता कामा नये. धावताना, वाकताना, किंबहुना मनुष्य कोलमडून पडला तरी शस्त्र त्यातून सुटता कामा नये. आणि शस्त्र काढल्यावर त्याचे तोंड मिटता कामा नये. बाजारात मिळणाऱ्या कापडी किंवा मऊ चामड्याच्या स्वस्त पिशव्या ह्या कसोटीला बहुधा उतरत नाहीत. चांगले जाड चामडेही वर्षानुवर्षांच्या घामाने मऊ पडते व त्याच्या तोंडाशी घडी पडू लागते. शस्त्र आत सारताना हीच घडी चापाच्या कड्यात शिरून चापाला मागे ढकलू शकते. म्हणून जुने झालेले होल्स्टर जुन्या जोड्यासारखे ‘पायाला बसले आहे’ म्हणून जपावयाचे नसते. अलीकडे कायडेक्स नावाच्या कडक प्लास्टिकची होल्स्टरे निघाली आहेत. ती त्या त्या शस्त्राच्या साच्यावर तयार करतात, त्यांचे तोंड मिटत नाही. ती अंगाला टोचतात ही तक्रार खरी आहे.

आपल्या देशात १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालील २०१६ चे शस्त्र नियम ह्यांनी ही बाब केवळ आवडीनिवडीवर सोडलेली नाही. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यावयाचे तर ते होल्स्टरमध्ये, किंवा त्यासाठीच बनविलेल्या तत्सम धारकात, अंगाला जोडलेले असले पाहिजे; ते पूर्ण झाकलेले असले पाहिजे; आणि बाळगणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा राहिला पाहिजे, असे हे नियम सांगतात. ‘झाकलेले’ आणि ‘ताबा’ हे दोन शब्द ध्यानात ठेवले म्हणजे पुढील पुष्कळ प्रश्न सुटतात. लग्नाच्या वरातीत कमरेचे पिस्तूल लोकांना दिसेल असे मिरविणे त्यात बसत नाही, आणि हवेत बार काढणे तर २०१९ च्या दुरुस्तीने तुरुंगवासास पात्र असा वेगळा गुन्हाच ठरविले आहे.

शस्त्र कमरेला बांधण्याची रीत आपल्याकडे नवीन नाही. तलवार पडदळ्यात अडकवून डाव्या अंगाला, कारण उजव्या हाताने ती पोटावरून सहज उपसता येते. आणि कट्यार किंवा बिचवा पुढे कमरबंदात खोवलेला. जुनी चित्रे पाहिली की हे लगेच दिसते. परंतु ह्या परंपरेवरून पिस्तुलाची जागा ठरवू गेल्यास मोठी चूक होईल. म्यानातील कट्यारीला टोक असते, पण नेम नसतो. ती ज्याला लागेल त्यालाच कापील. पिस्तूल म्यानात असतानाही त्याच्या नळीतून एक अदृश्य रेषा सतत बाहेर निघत असते, आणि त्या रेषेवर जे जे येईल, मग ते बाळगणाराचे पाऊल असो की शेजारी बसलेल्या मुलाचे डोके असो, ते सारे तिच्या टप्प्यात असते. जागा निवडणे म्हणजे ही रेषा कोठे सोडावयाची हे ठरविणे.

पाश्चात्यांकडेही पिस्तूल आरंभी मनुष्याच्या नव्हे, घोड्याच्या अंगावर असे. स्वारांची जड पिस्तुले खोगिराच्या दोहो बाजूंस चामड्याच्या घरांत ठेवीत. होल्स्टर हा शब्द त्याच घरांचा. रिव्हॉल्व्हर आल्यावर ते हळूहळू कमरेवर उतरले. तेथे त्याचे वजन तोलण्याचा प्रश्न निघाला, आणि त्याच्या इतिहासात एक पान हिंदुस्थानचे आहे. १८५८ सालच्या ऑगस्टच्या ३१ तारखेस रोहिलखंडात पिलिभीतनजीक झालेल्या लढाईत सॅम्युअल ब्राउन ह्या इंग्रज सरदाराचा डावा हात खांद्यापासून गेला. डाव्या हाताने म्यान धरल्यावाचून तलवार नीट उपसता येत नाही. तेव्हा त्याने कमरेच्या रुंद पट्ट्याला उजव्या खांद्यावरून येणाऱ्या दुसऱ्या पट्ट्याचा आधार दिला. त्यामुळे म्यान एका जागी स्थिर राहिले, आणि त्याच पट्ट्यावर उजव्या कमरेला झडपेच्या होल्स्टरमध्ये रिव्हॉल्व्हरही न हलता बसले. पोलीस अधिकाऱ्यांच्या छातीवरून तिरपा जाणारा चामड्याचा जो पट्टा परिचयाचा आहे तो हाच ‘सॅम ब्राउन’. एका हाताच्या मनुष्याची ही सोय दोन हातांच्या लोकांनी जगभर उचलली, ह्याचे कारण तिच्यातील मर्म सर्वांनाच लागू होते: जागा कोणतीही असो, पट्टा भक्कम नसेल तर शस्त्र त्या जागेवर राहात नाही.

आणि वजन लहानसहान नसते. १९१५ साली ब्रिटिश सैन्यात आलेले सहाव्या नमुन्याचे वेब्ली रिव्हॉल्व्हर रिकामेच एक किलोच्या वर भरते. आजचे मध्यम आकाराचे पिस्तूल काडतुसांसह पाऊण किलोच्या पुढे जाते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली विशेषतः स्त्रियांसाठी म्हणून काढलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅमचे आहे. अर्धा किलो साखर हातात घेतली तर काहीच वाटत नाही. तीच एका बाजूला कमरेला बांधून दिवसभर हिंडले म्हणजे विजार त्या बाजूस ओघळते, पट्टा कातडीत रुततो, आणि संध्याकाळी कंबर बोलू लागते. पोशाखी विजारीवरचा बोटभर रुंदीचा मऊ पट्टा ह्या कामी निरुपयोगी होय. पट्टा रुंद, ताठ, आणि होल्स्टरच्या खाचेत चपखल बसणारा हवा. पायजम्याची नाडी किंवा धोतराचा कासोटा ह्यांवर पिस्तूल तोलण्याचा प्रयत्न तर करूच नये. ज्याचा पोशाख तसा आहे त्याने आतून वेगळा पट्टा बांधावा, नाहीतर शस्त्र घरी कुलपात ठेवावे.

आता जागा. ह्या विषयातील जाणते लोक कमरेभोवतीच्या जागा घड्याळाच्या तबकडीवरून सांगतात. पट्ट्याचे बक्कल म्हणजे बारा, उजवी कंबर तीन, पाठीचा कणा सहा आणि डावी कंबर नऊ. पुढील विवेचन उजव्या हाताने काम करणाऱ्यासाठी आहे. डावखुऱ्याने तबकडी उलटी धरावी.

उजवी कंबर, म्हणजे तिनाच्या आणि चाराच्या मधली जागा, ही सर्वांत जुनी व सर्वांत निर्धोक. हात सरळ खाली सोडला की तो तेथेच पडतो. नळीची रेषा विजारीच्या शिवणीला समांतर खाली जमिनीकडे जाते. उभ्या मनुष्याचे कोणतेही अंग तिच्या वाटेत फारसे येत नाही. मूठ किंचित् पुढे झुकलेली ठेवली तर ती पाठीमागे कपड्यातून उठून दिसत नाही. तीनच्या ठिकाणी कमरेच्या हाडाचा उंचवटा असल्याने तेथे टोचते. म्हणून बहुतेकांना चारची जागा मानवते. शस्त्र विजारीच्या बाहेर पट्ट्यावर ठेवले तर बसणे-उठणे सोपे, परंतु ते झाकण्यास लांब सदरा किंवा जाकीट लागते. आत ठेवले तर ते सहज लपते, परंतु विजार कमरेत दीड-दोन इंच सैल शिवून घ्यावी लागते. दोष इतकाच की पुढे वाकले म्हणजे मूठ सदऱ्याला मागून वर उचलते, आणि गर्दीत मागून कोणाचा हात तेथे पोहोचू शकतो. मुंबईच्या लोकलमध्ये ज्याने एकदा तरी खिसा कापून घेतला आहे त्याला हे फोडून सांगण्याची आवश्यकता नाही. अशा ठिकाणी उजवे कोपर होल्स्टरवर दाबून धरण्याची सवय लावावी. नियमांतील ‘ताबा’ तो हाच.

मोटारीच्या बाबतीत एक मौजेची गोष्ट आहे. ह्या विषयावरील बहुतेक लेखन अमेरिकेतून येते, आणि त्यात वारंवार सांगितलेले असते की उजव्या कमरेचे पिस्तूल गाडी चालविताना अडचणीचे, कारण आसनपट्ट्याचे बक्कल नेमके तेथेच येते. म्हणून चालकाने ते डाव्या बाजूस आडवे बांधावे. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, त्यामुळे पट्टा डाव्या खांद्यावरून येऊन उजव्या कमरेशी अडकतो. तेथे हे बरोबरच आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, पट्टा उजव्या खांद्यावरून येतो आणि बक्कल डाव्या कमरेशी. म्हणजे तो सल्ला येथे जसाच्या तसा उचलला तर अडचण टळण्याऐवजी ओढवून घेतल्यासारखी होते. परदेशी पुस्तकातील उपदेश आपल्या रस्त्यावर उतरविण्यापूर्वी आपला रस्ता कोणत्या बाजूचा आहे हे पाहिलेले बरे.

डाव्या कमरेला, मूठ उजवीकडे करून शस्त्र बांधण्याची रीत, म्हणजे तलवारीचीच रीत. दीर्घकाळ बसून काम करणाऱ्यास ती सोयीची वाटते, कारण पोटासमोरून हात नेला की मूठ हाती येते. परंतु समोर उभ्या असलेल्या मनुष्यालाही ती मूठ तितकीच हाताशी असते; आणि शस्त्र बाहेर काढताना नळी डाव्या बाजूस उभ्या असलेल्या प्रत्येकावरून फिरते. मुलाबाळांचा घोळका बरोबर असताना ही गोष्ट लहान नव्हे. काखेतील होल्स्टरचा दोष ह्याच जातीचा, पण अधिक मोठा. त्यांपैकी पुष्कळांत नळी आडवी, मागे तोंड करून असते, म्हणजे रांगेत मागे उभा असलेला सद्गृहस्थ नकळत सारा वेळ तिच्या रेषेवर असतो. शिवाय वर कोट घालावा लागतो, आणि कोकणपट्टीच्या उन्हाळ्यात दिवसभर कोट चढवून हिंडणारा मनुष्य न सांगताच आपल्यापाशी काय आहे ते सांगत असतो.

पोटाच्या पुढे, बारा आणि एक ह्यांच्या दरम्यान, विजारीच्या आत शस्त्र ठेवण्याची रीत अलीकडे अमेरिकेत फार लोकप्रिय झाली आहे. ती नवी आहे असे नाही; वाइल्ड बिल हिकॉक आपली कोल्ट रिव्हॉल्व्हरे कमरेच्या शेल्यात खोवून हिंडत असे. ह्या जागेचे गुण खरे आहेत. दोन्ही हात समोर, शस्त्र सदैव नजरेखाली, मागून कोणी हात घालण्याची भीती नाही, आणि सैल सदऱ्याखाली ते अजिबात दिसत नाही. परंतु नळीची रेषा पाहिली म्हणजे अंगावर काटा येतो. उभे असताना ती जांघेकडे आणि बसल्यावर मांडीकडे जाते; आणि जांघेतून मांडीत उतरणारी रक्ताची मोठी धमनी तेथे वरच्या वर आहे. ती फुटली तर रुग्णालय गाठण्यापूर्वी काही मिनिटांतच प्राण जाऊ शकतो. ढेरी सुटलेल्या गृहस्थास ही जागा बसताना इतकी टोचते की तो शस्त्र नकळत सरकवीत राहतो, आणि सरकविणे हेच सर्वांत वाईट. ज्याला रोजचा सराव आहे, ज्याचे होल्स्टर कडक आहे आणि ज्याच्या हाताला घाई नाही, त्यानेच ही जागा पत्करावी. नवशिक्याने तिच्या वाटेस जाऊ नये हे उत्तम.

पाठीच्या कण्यावर, सहाच्या ठिकाणी, शस्त्र बांधणे समोरून दिसत नाही म्हणून काहींना आवडते. घसरून पाठीवर पडणारा मनुष्य त्या लोखंडाच्या तुकड्यावर पडतो आणि सारा आघात मणक्यावर येतो. एवढे कारण ती जागा सोडून देण्यास पुरेसे आहे. घोट्याजवळ बांधलेले लहान शस्त्र बसलेल्या मनुष्याला सोपे आणि उभ्या मनुष्याला जवळजवळ अशक्य. शिवाय ते धुळीने व पावसाळ्यात चिखलाने भरते. खिशात ठेवावयाचे तर त्या खिशात पिस्तूल आणि त्याचे खिशाचे होल्स्टर ह्यांवाचून दुसरे काही असता कामा नये. किल्ल्या नाही, सुटे पैसे नाहीत, लेखणी नाही.

स्त्रियांना बहुधा शस्त्र पर्समध्ये ठेवण्याचा सल्ला दिला जातो, कारण साडीला किंवा पंजाबी पोशाखाला पट्टा नसतो. सल्ला सोयीचा दिसतो, पण अंगावरच्या आणि पर्समधल्या शस्त्रात एक फरक आहे. अंगावरचे शस्त्र मनुष्य विसरून उठू शकत नाही; पर्स मात्र खुर्चीवर ठेवली जाते, दुकानाच्या फळीवर टेकविली जाते, क्षणभर दुसऱ्याच्या हाती दिली जाते. ३० डिसेंबर २०१४ रोजी अमेरिकेतील आयडाहो राज्यात हेडन ह्या गावी एका दुकानात एक तरुण आई आपल्या दोन वर्षांच्या मुलाला सामानाच्या गाडीत बसवून खरेदी करीत होती. तिच्यापाशी परवाना होता. पर्सही शस्त्रासाठी वेगळा कप्पा असलेली खास होती. मुलाने पर्समध्ये हात घातला. गोळी आईला लागली आणि ती जागीच गतप्राण झाली. त्या बाईला निष्काळजी म्हणावयास जीभ धजत नाही. तिने जे केले ते हजारो जणी रोज करतात. परंतु शस्त्र अंगापासून वेगळे झाले की ताबा मनुष्याकडून वस्तूच्या जागेकडे जातो, आणि वस्तूच्या जागेला डोळे नसतात. स्त्रियांसाठीही कुडत्याखाली पोटाभोवती बांधावयाचे रुंद लवचिक पट्टे निघाले आहेत. त्यांत चाप झाकणारे कडक होल्स्टर बसविलेले असेल तर ते पर्सपेक्षा कितीतरी पटींनी बरे.

आरामाचा प्रश्न येथेच सुरक्षिततेला येऊन मिळतो. जे टोचते ते मनुष्य काढून ठेवतो. जेवावयास बसताना पट्टा सैल करतो, मोटारीत होल्स्टर काढून बाजूच्या खणात ठेवतो, शौचास जाताना खुंटीला किंवा खिडकीत ठेवतो आणि तेथेच विसरून येतो. देशी बैठकीच्या शौचकूपात तर उकिडवे बसताना कमरेतील सैल शस्त्र खाली पडण्याचाही संभव असतो. अशा प्रत्येक काढण्या-घालण्यात चाप एकदा उघडा होतो. म्हणून जी जागा दिवसभर सोसवते, म्हणजे जेथून शस्त्र काढावेसे वाटतच नाही, ती जागा इतर बाबतीत थोडी उणी असली तरी अधिक सुरक्षित. हे ठरविण्यास दुकानातील पाच मिनिटे पुरत नाहीत. शस्त्र पूर्ण रिकामे करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, घरातल्या घरात आठ-पंधरा दिवस ते बांधून हिंडावे. पाटावर बसावे, पायमोजे घालावेत, जमिनीवरची सुई उचलावी, खुर्चीत तासभर वाचीत बसावे. पहिले दोन दिवस सर्वच जागा टोचतात, जसा नवा चष्मा नाकाला टोचतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरही जी टोचते ती सोडावी.

सर्वांत जपून करावयाची क्रिया म्हणजे शस्त्र पुन्हा होल्स्टरमध्ये घालणे. काढण्यास कधी घाई असेल, घालण्यास ती कधीही नसते. बोट चापापासून दूर, नळीच्या अंगाला सरळ लांबविलेले. सदरा डाव्या हाताने पूर्ण वर उचललेला. डोळे होल्स्टरच्या तोंडाकडे. सदऱ्याचा सोगा, जाकिटाची दोरी किंवा चामड्याची घडी आत शिरलेली नाही हे पाहूनच शस्त्र सावकाश सारावे, आणि मध्ये कोठे अडले तर जोर न करता ते बाहेर काढून पुन्हा पाहावे. शस्त्र पोटापुढे असेल तर होल्स्टर आधी कमरेतून काढून, त्यात शस्त्र घालून, मग ते दोन्ही मिळून कमरेस लावणे हाच मार्ग.

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत जुहू येथे चित्रपट-नट गोविंदा कोलकात्यास जाण्याच्या तयारीत होते. त्यांच्या व्यवस्थापकांनी वृत्तपत्रांना सांगितल्याप्रमाणे, परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवीत असताना ते हातून निसटून पडले, बार उडाला आणि गोळी त्यांच्या पायात गुडघ्याखाली लागली. काही दिवसांच्या उपचारांनंतर ते घरी परतले. येथे कंबर, पट्टा, होल्स्टर ह्यांपैकी कशाचाच संबंध नव्हता. शस्त्र एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याचा तो एक क्षण होता, आणि तो परवाना बाळगणाऱ्या प्रत्येक घरात रोज येतो. बाहेरून आल्यावर शस्त्र होल्स्टरमधून उपसून हातात घेऊन घरभर फिरू नये. होल्स्टरसकट पट्ट्यावरून सोडवावे आणि तसेच कपाटापाशी न्यावे. काडतुसे काढावयाची ती बसून, दिवा लावून, नळी रिकाम्या भिंतीकडे करून, मुले खोलीबाहेर असताना. रिव्हॉल्व्हर असेल तर चक्र बाहेर काढून सर्व घरे मोजावीत; पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन काढावे आणि मग नळीत राहिलेले काडतूस. हा क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधील नवे काडतूस पुन्हा नळीत चढते. नंतर शस्त्र एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि किल्ली कपाटावर किंवा देव्हाऱ्यामागे नव्हे, स्वतःच्या अंगावर.